रविवारच्या राईडवाल्यांनो, दोन मिनिटं द्या

मंडळी, रविवारी आपण सगळे सारसबागेपासून खडकवासल्याला सायकलने जाऊन आलो, चौपाटीवर कांदाभजी हाणली, फोटो टाकले, पण पहाटेच्या अंधारात नांदेड फाट्यावर शिट्टी घेऊन उभे असलेले आपले व्हॉलंटियर कुणाच्याच फोटोत नाहीत. धायरी फाट्याजवळ माझं पंक्चर झालं तर एकाने स्वतःची स्पेअर ट्यूब दिली, पैसेही घेतले नाहीत. आणि सगळ्यात मागे राहणाऱ्यांसोबत (म्हणजे माझ्यासोबतच) मुद्दाम हळू सायकल चालवणं, हे तर राईडपेक्षा अवघड काम आहे राव. तर या व्हॉलंटियरना थँक्यू म्हणायला शनिवारी संध्याकाळी ७ ला सारसबागेच्या गेटपाशी जमायचंय, भेळ आपल्याकडून, व्हॉलंटियरकडून वर्गणी घ्यायची नाही. ज्यांच्याकडे रिफ्लेक्टर जॅकेटं राहिलीत त्यांनी ती आणा, आणि धुऊन आणा प्लीज.