हेवी पाऊस, स्ट्राँग चहा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. शिकवणीतली पोरं 'हेवी रेन'ऐवजी 'बिग रेन' लिहितात आणि 'का चूक?' म्हणून भांडतात, हे वाचून करमणूक झाली. कुठला शब्द कुठल्या शब्दाशी जमतो, याचा नियम काढून दाखवायच्या भानगडीत पडू नकोस, नियम नाहीच. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो आणि गाडी 'पॉवरफुल', याची उलटापालट चालत नाही, हे भाषाशास्त्रज्ञ हॅलिडेंनी 1966 सालीच मांडून ठेवलंय. त्यांचे गुरू फर्थ शब्दाला त्याच्या संगतीवरून ओळखायला सांगत. हे फर्थ, गंमत म्हणजे, आधी लाहोरला इंग्रजी शिकवायचे.

सुरुवात मराठीपासून कर. फळ्यावर 'सोसाट्याची थंडी' आणि 'कडाक्याचा वारा' लिही. पोरं खो-खो हसतील. का हसलात, विचार. एकालाही कारण देता येणार नाही, पण चूक सगळ्यांना कळलेली असेल. मग पुढचं सोपं.

मोठी यादी देऊ नकोस, पाठ करतील आणि विसरतील. एकटं 'हेवी' घे. हवामान खात्याचे इशारे पोरांच्या मोबाइलवर येतातच: 24 तासांत 64.5 मिमीपासून 'हेवी', 115.6 पासून 'व्हेरी हेवी', 204.4 च्या वर 'एक्स्ट्रीमली हेवी'. पाऊस हेवी, बर्फ हेवी, ट्रॅफिक हेवी. वारा मात्र 'स्ट्राँग'च. खरी मजा माणसांची. 'हेवी स्मोकर' काडीपैलवानही असू शकतो, कारण विशेषण दिसतं माणसाला लावलेलं, पण बोलतं त्याच्या फुंकण्याबद्दल. 'हेवी स्लीपर'चं तसंच. (तिथे उदाहरण म्हणून स्वतःचं नाव घे. होस्टेलवर तुला उठवायला बादली लागायची.)

आणि कोणी 'हेवी डिपॉझिट' लिहिलं तर? मुंबईत भाडं नाममात्र ठेवून घरमालकाकडे मोठी रक्कम गुंतवायची, त्याला सगळे हेच म्हणतात. जरीने भरलेली ती 'हेवी साडी'. लंडनच्या माणसाला यातलं काही चटकन उमगायचं नाही. पण मी तरी त्यावर लाल रेघ मारणार नाही. ही सोयरीक आपल्याकडे जुळलीय, परीक्षेच्या पेपरात नको, बाजारात खुशाल वापरा, एवढं सांगेन. तुझ्या परीक्षकांचं मत वेगळं असेल, तर ते तू सांभाळ.

पोरांनी काय काय जोड्या आणल्या ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजू