नाशिकच्या लोगनचीही नोंद राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद झालेल्या स्वस्त मोटारींचा विषय निघाला की लिखाण मारुती ८०० आणि नॅनोपाशीच थांबते. ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. नॅनो २००९ मध्ये आली, २०१८ मध्ये संपली. हे बहुतेकांना पाठ आहे. पण सातपूरच्या महिंद्रा कारखान्यात २००७ पासून तयार झालेली लोगन मोटार नाशिककरांनीच विसरावी, याचे वाईट वाटते.

लोगन मूळची रेनोच्या रोमानियातील डाशिया कंपनीची, २००४ सालची. पाच हजार युरोंत घरभर माणसांची गाडी द्यायची, असा तिचा हिशेब होता. खर्च कुठे वाचवला ते गाडीवर बोट ठेवून दाखवता येते. मूळ आराखड्यात बाहेरचे डावे-उजवे आरसे एकाच साच्याचे, पुढची काच कमी वळणाची, डॅशबोर्ड एकसंध, हॉर्न इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला. जागेत मात्र काटकसर नाही. डिकी ५१० लिटरची आणि मागे तिघे अंग न चोरता बसतात. देवळाली-भगूरकडच्या कुटुंबांना आणि टॅक्सीवाल्यांना ती आवडली ती यामुळेच.

मग ती मागे का पडली? आमच्या मते मोठे कारण करात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. ‘छोटी’ ठरायला लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत हवे होते. लोगनचे डिझेल इंजिन १४६१ सीसीचे, म्हणजे या अटीत बसणारे. पण गाडीची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. काटकसरीसाठी जन्मलेल्या गाडीला मोठ्या गाडीचा कर लागला! टाटांनी २००८ मध्येच इंडिगो सीएस चार मीटरच्या आत आणली. इकडे २०१० मध्ये रेनो महिंद्रासोबतच्या भागीदारीतून बाहेर पडली, २०११ मध्ये लोगनची व्हेरिटो झाली आणि ३९९१ मिलिमीटरची व्हेरिटो व्हाइब आली ती थेट २०१३ मध्ये. तोवर मारुतीची डिझायर कापून चार मीटरच्या आत आली होती, होंडाची अमेझही बाजारात उतरली होती. पुढे बीएस-६ हे धुराचे कडक नियम येण्याच्या सुमारास व्हेरिटोही थांबली.

अजून चालणाऱ्या लोगन-व्हेरिटो ‘पार्ट मिळत नाहीत’ म्हणून भंगारात जाताना दिसतात. काच, दिवे, दरवाजाचे पत्रे यांची अडचण खरी आहे. इंजिनाची तेवढी नाही. हेच १.५ डीसीआय इंजिन डस्टर, टेरानो, सनी, मायक्रा, स्काला, पल्स यांतही होते. टायमिंग बेल्ट (इंजिनातला क्रँक आणि कॅम जोडणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप घेताना जुन्या भागावरचा नंबर जुळवून पाहावा. गाडीच्या नावावर जाऊ नये, कारण वेगवेगळ्या ताकदीच्या आवृत्त्यांत काही भाग बदलतात.

टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावे लागते. म्हणून बेल्ट ८०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षे, जे आधी येईल त्यापुढे ताणू नये. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, तेव्हा पंप आणि टेन्शनर सोबतच बदलावेत. क्रँक आणि कॅम पिन लावून लॉक केल्याशिवाय, नुसत्या खडूच्या खुणांवर बेल्ट बसवू देऊ नका. फारसे कुणी पाहत नाही तो बाहेरचा अल्टरनेटरचा पट्टा. त्याच्या कडा उसवल्या की धागे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात आणि धडधाकट टायमिंग बेल्टही दात सोडतो. दर सर्व्हिसला टॉर्च मारून हा पट्टा पाहावा. कडा फाटलेली दिसली तर तिथेच बदलावा.

दुसरी नाजूक जागा डिझेलची. इंधनाचा पंप डेल्फी कंपनीचा आहे आणि त्याला वंगण मिळते ते डिझेलचेच. फिल्टर बदलल्यावर इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबून हवा काढायची, मगच स्टार्टर मारायचा. कोरडा फिरलेला पंप धातूचा कीस सोडतो, तो रेलमधून (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतून) इंजेक्टरमध्ये जातो आणि मग एकट्या पंपावर भागत नाही. पावसाळ्यात फिल्टरमधले पाणी आठवणीने काढावे. १.४ पेट्रोलवाल्यांनी ई-२० च्या (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) दिवसांत इंधनाचे जुने रबरी पाइप तपासावेत. फुगलेले, चिकट झालेले असतील तर इथेनॉलला टिकणारे घालावेत.

आता कागदपत्रे. पहिल्या लोगनची १५ वर्षे २०२२ मध्ये भरली, २०११ च्या व्हेरिटोची २०२६ मध्ये भरतात. नोंदणी संपण्याआधी ६० दिवसांच्या आत नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरता येतो. खासगी मोटारीला नूतनीकरणाचे ५,००० रुपये, उशीर झाल्यास महिन्याला ५०० रुपये जादा; पर्यावरण कर वेगळा. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. २० वर्षे ओलांडलेल्या मोटारीला २०२५ पासून १०,००० रुपये लागतात. पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवायला नेण्याआधी विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी तयार ठेवा. चेसिस नंबरवरची माती आणि गंज आधी घासून काढा. नंबर वाचता आला नाही तर खेप वाया जाते.

आपला,
सातपूर येथील एक वाचक, नाशिक