नाव ठेवल्यानंतर बेडकाचे काय होते?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की ‘सह्याद्रीत बेडकाची नवी प्रजाती’ अशी चौकट वर्तमानपत्रांत येते, रंगीत छायाचित्र येते आणि विषय तिथेच मिटतो. या चौकटींत वारंवार दिसणारे नाव म्हणजे डॉ. सत्यभामा दास बिजू. त्यांच्या कामाकडे आपण चुकीच्या टोकाने पाहतो, असे मला वाटते.

केरळचे बिजू मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे बेडकांच्या नादी लागले, ब्रसेल्समधून दुसरी पीएच.डी. केली आणि दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००३ मध्ये बेल्जियमचे संशोधक फ्रँकी बोसाउट (Bossuyt) यांच्यासह त्यांनी केरळातल्या इडुक्कीच्या जांभळ्या बेडकाचे वर्णन ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केले. जवळजवळ वर्षभर जमिनीखाली राहून विणीपुरता थोडे दिवस वर येणारा हा प्राणी. त्याच्यासाठी नवे कुळच मांडावे लागले. त्याचे जवळचे भाऊबंद आहेत थेट सेशेल्स बेटांवर! त्याच्या बेडूकमाशांची नोंद १९१८ मध्येच झाली होती. ते कुणाचे, हे कळायला मात्र ऐंशीहून अधिक वर्षे गेली.

बिजूंच्या खात्यावर शंभराहून अधिक प्रजाती आहेत. पण खरी गोष्ट आकड्यात नाही. नाव नसलेल्या प्राण्याला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या नोंदीत, सहसा जागा मिळत नाही. धरणाच्या, खाणीच्या पर्यावरण अहवालात त्याचा उल्लेखही येत नाही. तो संपला तरी कागदोपत्री काहीच बिघडलेले नसते. म्हणून नाव देणे ही संवर्धनाची पहिली पायरी आहे. २०१० मध्ये बिजूंनी वर्षानुवर्षे न दिसलेले उभयचर शोधण्याची देशव्यापी मोहीम काढली, तीही याच विचाराने असावी.

पण पुढच्या पायऱ्या कोण चढणार? आपल्या आंबोलीचेच पाहा. तिथल्या टोडचे, म्हणजे खरखरीत कातडीच्या भेकाचे, वर्णन बिजू, सरीसृप-उभयचरांचे अभ्यासक वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केले. लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, कातळात साचलेल्या पावसाच्या पाण्यात त्याची वीण होते, आणि वर्षा पर्यटनाची झुंबडही पावसाळ्यातच उडते. जेमतेम काही सेंटीमीटरचा जीव रात्री घाटात गाडी हाकणाऱ्याला दिसणार कसा?

माझी विनंती साधी आहे. या जूनमध्ये आपला वार्ताहर आंबोलीला पाठवा. विणीच्या दिवसांत रात्रीच्या वाहतुकीचे काय केले, सड्यावर गाड्या चढू नयेत म्हणून काय केले, हे वन विभागाला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला विचारा. मिळेल ते उत्तर छापा, सोबत छायाचित्र नसले तरी चालेल. विणीची नेमकी ठिकाणे मात्र कृपया देऊ नका. कॅमेरे घेऊन तिथे धावणारेही काही कमी नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक