बर्दियाला जाण्याआधी

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

नेपाळमधल्या बर्दिया जिल्ह्यातल्या बैठकांचं तुझं वेळापत्रक पाहिलं. असारातल्या, म्हणजे तिकडच्या जून-जुलैच्या महिन्यातल्या, तारखा आधी काढून टाक. ते दिवस रोपाईचे, बाया चिखलात असतात. मग बैठकीला येतात त्या नेहमीच्या दोन-चार पुढारी बायका, आणि अहवालात ‘महिलांचा सहभाग’ म्हणून त्यांचीच हजेरी लागते.

मसुद्याची सुरुवात तू संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १३२५ व्या ठरावापासून केलीस, म्हणजे शांततेच्या कामात बायकांना वाटा हवा असं सांगणाऱ्या. ठीक आहे, पण तो एका परिच्छेदात आटप. नेपाळचं खरं दुखणं पुढे आहे. माओवादी आणि सरकार यांच्यातलं युद्ध थांबल्यावर नोंदणी होऊन पडताळलेल्या १९,६०२ माओवादी सैनिकांत ३,८४६ बाया होत्या, म्हणजे पाचांत जवळजवळ एक. तरी २००६ च्या शांतता करारावर सह्या करणारे दोघेही पुरुष. २०११ मध्ये त्या ठरावाच्या अंमलबजावणीचा सरकारी कृती आराखडा आला, त्याच्या पाच खांबांत मदत आणि पुनर्वसनही होतं. पण सरकारच्या अंतरिम मदतीत मृत, बेपत्ता, जखमी, विस्थापित अशा वर्गवाऱ्या होत्या. बलात्कार सोसलेल्या बाईसाठी रकानाच नव्हता. बलात्काराची तक्रार करायची तर तेव्हा कायद्यात मुदत ३५ दिवसांची होती. युद्ध चालू असताना, गावात बंदूकधारी असताना, ३५ दिवसांत कोण चौकीवर जाईल? पुढे मुदत वाढली, पण तोवर या बायकांची वेळ टळून गेली होती. म्हणून मसुदा लिहिताना भाषणं सोड, अर्जाचे नमुने माग.

‘तुमच्या समस्या काय?’ असं विचारू नकोस. पाणी, रस्ता अशी उत्तरं येतील. ‘कुठल्या कागदासाठी किती वेळा परत पाठवलं?’ असं विचार. नवरा बेपत्ता असलेल्या बाईला जमीन नावावर करायची तर तो मेला असं लिहून द्या म्हणतात. ती लिहून द्यायला तयार नसते. ही गोष्ट भर सभेत निघत नाही. एका गटात दहा-बाराच जणी ठेव, वडा (वॉर्ड) कार्यालयाचा माणूस खोलीत नको, दुभाषी तिथली थारू भाषा बोलणारी बाईच हवी. अत्याचाराची नोंद नाव न लिहिता खुणेच्या क्रमांकाने कर. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या वहीत, कुलपात. ती व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवायची नाही. विधवांना तिकडे ‘एकल महिला’ म्हणतात, तोच शब्द वापर.

तुझ्या तक्त्यात ‘४० महिलांना प्रशिक्षण’ असं उद्दिष्ट आहे. ते खोड. त्याजागी चार रकाने कर: कोणता नियम बदलायचा, कोणत्या कार्यालयाने, किती रुपयांत, कोणत्या महिन्यापर्यंत. पैशाचा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ मसुद्यातून काढ, उगाच शोभेला नको.

आणि गाडीभाडं बैठक संपल्यावर नको, बायका आल्या आल्या हातात दे. शेवटची बस गाठायला एखादीला मधेच उठावं लागलं, तर पैशासाठी थांबायला नको.

तुझी,
आई