हॅलिफॅक्सहून, तुझ्या आजोबांच्या आठवणीने

प्रिय सुन्या,

परवा कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आलो. अटलांटिकच्या काठावरचं बंदर, हिवाळ्यातही गोठत नाही म्हणून पूर्वीपासून आरमाराचं गाव. काल सिटाडेलची, म्हणजे इथल्या जुन्या किल्ल्याची, टेकडी चढत होतो आणि बरोब्बर बाराला तोफ उडाली, छातीत धस्स झालं रे, बाजूने कुत्रा घेऊन चाललेल्या बाईने मानसुद्धा वळवली नाही. रोज उडते, फक्त नाताळच्या दिवशी नाही. मग फेरीने पलीकडे डार्टमथला जाऊन आलो, डेकवर डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास आला आणि थेट भाऊचा धक्काच आठवला.

पण लिहायला बसलो ते तुझ्या आजोबांसाठी. ६ डिसेंबर १९१७ ला सकाळी इथल्या चिंचोळ्या खाडीत इमो नावाचं जहाज माँ ब्लाँ या फ्रेंच जहाजावर आदळलं, आणि माँ ब्लाँ दारूगोळ्याने ठासून भरलेलं. आग लागली, ते जळत जळत धक्क्याला लागलं, लोक कामं टाकून खिडक्यांतून बघत राहिले, पोरं तर पळत धक्क्याकडे गेली. वीसेक मिनिटांत, ९ वाजून ४ मिनिटांनी स्फोट. सुमारे २,००० माणसं गेली आणि काचा डोळ्यांत घुसून कितीतरी जण आंधळे झाले. फायर ब्रिगेडचा पॅट्रिशिया नावाचा नवा मोटार बंब धक्क्यावर पोचला होता, त्या दिवशी त्यांची ९ माणसं गेली. व्हिन्स कोलमन नावाचा रेल्वेचा तारवाला पळून जाऊ शकला असता, तो परत फिरला आणि येणारी गाडी थांबवा म्हणून तार करत बसला, तिथेच गेला.

सुन्या, हे वाचताना मला सारखं १४ एप्रिल १९४४ दिसत होतं. आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधलं फोर्ट स्टिकीन जहाज, तेही कॅनडातच बांधलेलं. तिथेही आधी आग, मग बंब, मग स्फोट, आपल्या फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले. आजोबा गोदीतल्या त्या दुपारचं बोलायला लागले की मध्येच गप्प व्हायचे, आपण लहान होतो, पुढे काय झालं पुढे काय झालं करून मागे लागायचो. आज त्याचं फार वाईट वाटलं.

इथे सेंट पॉल्स म्हणून १७५० चं चर्च आहे, त्याच्या आतल्या भिंतीत त्या स्फोटात उडून आलेला खिडकीच्या चौकटीचा तुकडा अजून रुतलेला आहे. काढलाच नाही कुणी. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो.

आजोबांच्या देव्हाऱ्याशेजारी तो वाकलेला लोखंडाचा तुकडा असायचा ना, गोदीतून आणलेला, आपल्याला हात लावू द्यायचे नाहीत? अजून आहे का रे? काकूंना विचार आणि मला फोटो पाठव.

तुझा,
विन्या