गठ्ठा सोडल्याशिवाय हातचा शिकवू नकोस

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

"आई, दिवाळीनंतर दुसरीला आधी काय घेऊ?" एवढं विचारलंस आणि रेंज गेली. पाड्यावर हे असंच चालायचं, म्हणून लिहूनच पाठवते. माझ्या दुसरीत या आठवड्यात दोन मोठी कामं चालली आहेत. गणितात हातच्याची वजाबाकी आणि मराठीत जोडाक्षरं. कविता, चित्रं, थंडी पडली म्हणून स्वेटर-कानटोपीच्या गप्पा, हे आहेच रोजचं. मुलं अडतात ती या दोन ठिकाणी, तेव्हा त्यांचंच सविस्तर सांगते.

फळ्यावर ५२ वजा २८ लिही आणि काहीही न सांगता मुलांना करू दे. बऱ्याच पाट्यांवर ३६ येईल. आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढायचं, हे पहिलीपासून त्यांच्या कानावर आहे, आणि ती ते इमानेइतबारे करतात. त्या ३६ वर फुली मारू नकोस. "कसं केलंस ते सांग बरं" म्हण आणि पूर्ण ऐकून घे. मूल जे बोलेल त्यातच उद्याचा पाठ कुठून सुरू करायचा ते कळतं.

मग काड्या काढ. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "मला अठ्ठावीस द्या." दोन गठ्ठे लगेच हातावर येतात. आठ सुट्या मागितल्या की वर्ग गप्प होतो. ही शांतता मोडायची नाही, सोनू. नव्या शिक्षकाला वाटतं की आता आपण सांगितलं पाहिजे. नको सांगूस. माझ्याकडे ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली, बीडकडची एक मुलगी नुकतीच वर्गात बसायला लागली आहे. तिला अठ्ठावीस अजून लिहिता येत नाही. पण वर्ग गप्प बसला होता तेव्हा तीच म्हणाली, "बाई, मोळी सोडा ना." आईबरोबर फडात उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या बांधणारी पोर ती. बांधलेलं सोडता येतं हे तिच्या हातांना ठाऊक होतं. रबर काढलं, चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या, त्यातल्या आठ दिल्या, चार उरल्या. दोन गठ्ठे आणि चार. चोवीस.

पाचावर काट मारून चार लिहिणं आणि दोनाच्या जागी बारा करणं, हे याच्या नंतर. मी दोन दिवस वहीत मांडणी येऊच दिली नाही. मुलं गठ्ठे सोडत होती, पुन्हा बांधत होती, एकमेकांना उदाहरणं घालत होती. मांडणी आली तेव्हा ती काट म्हणजे सोडलेलं रबर, हे सांगावं लागलं नाही. "शेजाऱ्याकडून उसना घ्या" असं घोकवून घेतलेली मुलं ५०० वजा २३८ आलं की कोलमडतात, कारण शेजारच्या घरी शून्य असतं. गठ्ठा सोडलेलं मूल पुढच्या घरी जाऊन शंभराचा गठ्ठा सोडतं.

अंकांच्या नावांकडेही लक्ष ठेव. बेचाळीस म्हटलं की काही मुलं २४ लिहितात, कारण दोन आधी ऐकू येतो. एकोणपन्नासमध्ये पन्नास ऐकू येतं आणि पाटीवर ५९ उमटतं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली जुन्या नावांबरोबर 'चाळीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा किती गदारोळ झाला होता आठवतं ना? मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी मुलांच्या अडचणीची बाजू नेटानं मांडली होती. मला ते तेव्हाही पटलं होतं. वर्गात मी दोन्ही म्हणून घेते, "चाळीस नि दोन, बेचाळीस". जुनी नावं बाजारात, एसटीत लागतातच, ती सुटता कामा नयेत. तुझ्या मुलांच्या घरी वारली बोलतात, त्यांना ही नावं आणखी परकी वाटणार. त्यांना जास्त दिवस दे.

जोडाक्षरांचं थोडक्यात. सगळ्यात चकवतो तो 'र'. 'सूर्य' मुलं 'सूयर' वाचतात, कारण रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा असतो त्याच्या आधी. चक्र, ट्रक, कैऱ्या, सूर्य हे एकाच दिवशी एकत्र घेऊ नकोस. आधी जे शब्द मुलांच्या तोंडी आहेत ते घे. कोंबड्या, रस्ता, मच्छी, झऱ्याचं पाणी. बोलताना जोडाक्षर त्यांना अडत नाही, लिहिलेलं दिसलं की अडतं. म्हणून आधी बोलू दे, टाळ्या वाजवत शब्द तोडू दे, मग फळ्यावर लिही. वारलीतले शब्दही त्यांच्याकडून विचारून फळ्यावर लिही. तूही शिकशील आणि आपल्या बाईंना आपण काही शिकवलं म्हणून पोरं फुलतील.

तुझं नाव शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर डहाणू तालुक्यात लागलं तेव्हा बाबांना लांब वाटलं, मला मात्र आनंद झाला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तो हाच मुलूख. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, असं त्यांनी खरंच करून दाखवलं. शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं साहित्य. एखाद्या रविवारी कोसबाडला जाऊन ये. शिक्षणसेवकाच्या १६,००० रुपये मानधनातून दुकानातले तक्ते आणत बसू नकोस. हिराच्या काड्या आणि चिंचोके पुरे.

भातकापणी आटोपली की तुझ्याकडची काही घरं वीटभट्ट्यांवर निघतील आणि पोरंही जातील. आत्तापासून घरोघर विचारून ठेव. जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं शिक्षण हमी कार्ड भरून आईबापाच्या हातात दे आणि कुठल्या गावाला चाललेत ते लिहून घे. बीडच्या त्या मुलीच्या हातात कार्ड नव्हतं, त्यामुळे ती कुठवर शिकली आहे हे कळायला मला वेळ लागला. तेवढ्यात तिला कुणी 'ढ' म्हटलं असतं तर ती परत आली नसती.

केंद्रप्रमुख येतील, निपुण भारत अभियानाची यादी विचारतील. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधं गणित यावं, हे २०२१ पासूनचं उद्दिष्ट चांगलंच आहे, मनापासून पाळावं असं. पण यादीतल्या खुणा भरायच्या म्हणून दोन दिवसांची वजाबाकी एका तासात उरकू नकोस. कुणी विचारलंच तर मुलांना गठ्ठे घेऊन पुढे बोलाव आणि त्यांनाच करून दाखवू दे.

बाबांनी रबरांची पुडी आणि थोडे तिळाचे लाडू पार्सलमध्ये टाकलेत. लाडू खोलीवर एकटीनं खायचे नाहीत, शाळेत ने. आणि सोमवारी ५२ वजा २८ दिलंस की मुलांनी काढलेली उत्तरं जशीच्या तशी मला लिहून पाठव, चुकलेली आधी. प्रत्येकासमोर त्यानं सांगितलेलं कारणही लिही.

तुझी,
आई