कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी ‘48 तास’ टिकत नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : बॅटरीबाबतची फसवी जाहिरात, सदोष चार्जिंग आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या कॅम्पर व्हॅनच्या माहितीपत्रकात ‘बाहेरच्या विजेशिवाय 48 तास निर्धास्त’ असे ठळक छापले आहे. आपल्याच वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले आहे की बॅटरी निम्म्याखाली उतरली तर वॉरंटी रद्द. एकाच गाडीबरोबर ही दोन्ही वाक्ये देताना कंपनीत कोणी हिशेब केला होता का?

मी केला. मागे फ्रिज-पंख्यासाठी 12 व्होल्टच्या, 100 अँपिअर-अवरच्या दोन एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटऱ्या आहेत. कागदावर 2400 वॅट-अवर, पण आपल्या अटीप्रमाणे वापरायच्या 1200. फ्रिजचा कॉम्प्रेसर 45 वॅटचा, तो निम्मा वेळ चालला तरी दिवसाला 540 गेले. छताचा 30 वॅटचा पंखा दहा तास लावला की 300. दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल धरून दोनशे. हजार तिथेच ओलांडले, आणि यात इन्व्हर्टरवरचा मिक्सर धरलेलाच नाही. अटी पाळायच्या तर दिवसभर आणि वर तीन-चार तास, एवढीच आपल्या बॅटरीची मजल. 48 तास काढायचे तर ती तळाला न्यावी लागते आणि तशी नेली की वॉरंटी जाते.

प्रत्यक्षात ती तेवढीही चालली नाही. ऐन पावसात कणकुंबीला नातेवाइकांच्या शेतावर गाडी लावली होती. तिकडे हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाईन वारा सुटला की जाते, म्हणून तर ही गाडी घेतली. दुसऱ्या पहाटे फ्रिज बंद. सगळे स्विच बंद करून मीटर लावला, तर 11.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. गोव्याहून आणलेली सुरमई फेकावी लागली, त्याचे पैसे मी मागत नाही. पण आपल्या सर्व्हिस सेंटरचा माणूस बॅटरी तपासून म्हणाला, “डीप डिस्चार्ज झालंय साहेब, बॅटरी फार खाली उतरलीय, वॉरंटीत बसत नाही.” आणि वर सल्ला, सोलर पॅनेल बसवा! जून-जुलैत कणकुंबीला आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, हे बेळगावात शाळकरी पोराला विचारले तरी सांगेल.

खरे दुखणे वेगळेच निघाले. ‘गाडी चालली की बॅटरी आपोआप भरते’ असेही आपण लिहिले आहे. उद्यमबागेत माझे मशीन शॉप आहे, मोजमाप हा रोजचा धंदा. इंजिन चालू ठेवून पुढच्या, म्हणजे इंजिनच्या, बॅटरीवर मोजले, 14.2 व्होल्ट. त्याच वेळी मागच्या बॅटरीच्या टर्मिनलवर 13.2. मधला एक व्होल्ट वायरीत जातो, कारण पुढून मागे आपण 6 स्क्वेअर एमएमची वायर ओढली आहे. तीसेक अँपिअर करंट आणि जाऊन-येऊन बारा मीटर लांबी धरा, आपल्या इंजिनिअरलाही हाच आकडा येईल. अशा बॅटरीला पूर्ण भरायला 14.4 च्या आसपास व्होल्टेज लागते आणि शेवटचे 20 टक्के भरायला कित्येक तास जातात. बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला पोचायला दीड तास पुरतो. थोडक्यात, बॅटरी पहिल्यापासून अर्धपोटीच राहिली. अशी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरते आणि ती कायमची कमजोर होते. हा दोष वापरणाऱ्याचा कसा?

दोन्ही बॅटऱ्या वॉरंटीत बदलून द्याव्यात. त्यासोबत जाड वायर आणि डीसी-टू-डीसी चार्जर (मागच्या बॅटरीला हवे तेवढे व्होल्टेज वाढवून देणारा) कंपनीच्या खर्चाने बसवावा. नुसत्या बॅटऱ्या बदलून भागणार नाही, नव्याही अशाच मरतील. माहितीपत्रकातले 48 तास कोणकोणती उपकरणे चालवून मोजले, तेही लेखी कळवावे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सदोष वस्तू व दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे तारखांना बेळगावला आपल्याला यावे लागेल. बिल, वॉरंटी कार्ड, माहितीपत्रक आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो सोबत जोडले आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपला,
एक ग्राहक
उद्यमबाग, बेळगाव